एजंटला कळेल असं डॉक्युमेंटेशन: माझा अनुभव

आमच्या टीमच्या बिलिंग टूलचं डॉक्युमेंटेशन माणसांना पुरत होतं, पण एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः कमांड चालवून करणारा प्रोग्रॅम, तेच वाचून नसलेले पर्याय ठोकून द्यायचा. म्हणून साधी चाचणी घेतली: कोरं सेशन, हाताशी फक्त आमचं डॉक्युमेंटेशन आणि एकच काम, मार्चची थकीत बिलं काढ. त्याने चालवलेली प्रत्येक कमांड वाचत बसलो.

गाडी अडत होती तारखेपाशी. ‘०३/०४’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि चुकलं की टूल नुसतं ‘अवैध इनपुट’ म्हणायचं. एवढ्यावरून माणूस तरी काय बोध घेणार? तिथे ‘तारीख २०२५-०४-०३ अशी द्या’ असा संदेश टाकला. एजंटने तो वाचून लगेच कमांड सुधारून घेतली.

उदाहरणांची पानं जावास्क्रिप्टवर, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड चालल्यावरच उघडायची, त्यामुळे एजंटला ती रिकामी दिसत. ती मार्कडाऊन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये आणली आणि एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये सुचवलेल्या, एआयला साइटवरची महत्त्वाची पानं दाखवणाऱ्या ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ (llms.txt) फाईलमध्ये त्यांच्या लिंक दिल्या.

आता डॉक्युमेंटेशनमध्ये काही बदललं की हीच चाचणी पुन्हा घेतो, तीही बऱ्याचदा. कारण एजंट दर वेळी वेगळी वाट धरतो.