बॉनी-क्लाइडच्या फोर्डचा मूळ रंग शोधताना या चुका टाळा

कॅन्ससमधल्या टोपेका इथे एका घरासमोरून २९ एप्रिल १९३४ रोजी एक नवीकोरी फोर्ड व्ही-८ डिलक्स सेडान चोरीला गेली. २३ मे रोजी लुइझियानात गिब्सलंडजवळ पोलिसांनी बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो या दरोडेखोर जोडीला गाठलं आणि गोळ्यांनी त्याच गाडीची चाळण झाली. पुढे ती अनेक वर्षं प्रदर्शनांतून फिरली. तिच्या रंगाला कुणी ‘डेझर्ट सँड’ म्हणतं, कुणी ‘कॉर्डोबा ग्रे’. नावांवर वाद घालून काही हाती लागत नाही. उत्तर पत्र्यावरच्या रंगाच्या थरांत असतं.

फोटोवरून रंग ठरवणं

कृष्णधवल फोटोत रंग नसतो, फक्त उजेड-अंधार असतो, आणि तोही फिल्मप्रमाणे बदलतो. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक आणि पॅनक्रोमॅटिक अशा दोन्ही फिल्म वापरात होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून मरून रंगाची गाडी काळी वाटते आणि निळी फिकट; पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपते. धुळीने माखलेली काळी गाडीही उन्हात राखाडी दिसते. फोटोचा उपयोग एवढाच: मडगार्ड आणि बॉडी एकाच छटेची आहेत का, चाकं आणि पट्टी वेगळी आहे का, हे बघायला. मडगार्डवरून बॉडीचा रंग काढू नका. त्या काळच्या कित्येक फोर्ड गाड्यांची मडगार्डं बॉडी कोणत्याही रंगाची असली तरी काळीच असत.

रंगाचा कोड शोधत बसणं

१९३४ च्या फोर्डवर रंगाचा कोड असलेली पाटी नसते. चॅसीच्या डाव्या पट्टीवरच्या नंबरावरून गाडी खरी की नक्कल एवढं तपासता येतं (या गाडीच्या नकला बऱ्याच फिरल्या आहेत, म्हणून ते आधी करा), रंग कळत नाही.

नमुना भलत्याच जागेवरून घेणं

बॉनेट आणि छतावरचा रंग उन्हाने उडालेला किंवा पॉलिशने झिजलेला असतो. डॅशबोर्डखाली, दाराच्या बिजागरीमागे, काचेच्या आतल्या पट्टीखाली, नंबरप्लेटच्या ब्रॅकेटमागे शोधा. ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने एक-दोन मिलिमीटरची खपली थेट पत्र्यापर्यंत काढा. वरवर खरवडलेल्या भुकटीतून थरांचा क्रम कळत नाही. खपली चिकटपट्टीवर ठेवू नका, गोंद रंगात मिसळतो. छोट्या डबीत ठेवा आणि जागा तिथल्या तिथे लिहून टाका. निदान पाच-सहा जागा हव्यात, कारण दार किंवा मडगार्ड बदललेलं असू शकतं.

खपली रेझिनमध्ये बसवून आडवा छेद घ्या, ४०० पासून २००० पर्यंतच्या पॉलिश पेपरने घासा आणि १०० ते २०० पट मोठं करून बघा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: सर्वांत खालचा रंगीत थर म्हणजे मूळ रंग, असं धरलं जातं. तो प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर दिलेला अस्तर-थर) असू शकतो, किंवा त्या जागी मूळ रंग आधीच खरवडून टाकलेला असू शकतो. खूण मळाच्या रेषेत असते. कारखान्यात एकामागून एक दिलेल्या थरांमध्ये धूळ नसते. दोन थरांमध्ये बारीक काळी रेघ दिसली, तर मध्ये गाडी वापरात होती. प्रायमरला मळाशिवाय चिकटलेला पहिला रंग हाच खरा उमेदवार.

या गाडीत आणखी एक सोय आहे, शंभराहून जास्त छिद्रं. गोळी लागताना रंग तडकतो आणि कडेला पत्रा उघडा पडतो. त्या उघड्या कडेवर किंवा वळलेल्या पत्र्याच्या आत जो रंग चढलेला आहे तो २३ मे १९३४ नंतरचाच. एवढा पक्का तारखेचा पुरावा दुसऱ्या कुठल्या गाडीत सहसा मिळत नाही.

रंगद्रव्यंही तारीख सांगतात. फ्थॅलोसायनिन या कृत्रिम रंगद्रव्याचा निळा १९३५ मध्ये बाजारात आला, हिरवा १९३८ च्या सुमारास. थरात यांपैकी काही सापडलं, तर तो थर १९३४ चा नाही.

थिनर थेट गाडीवर लावणं

कापूस थिनरमध्ये बुडवून बॉडीवर घासू नका, डाग कायमचा राहतो. सुट्या खपलीवर एक थेंब पुरे. लॅकर विरघळतो (आपल्या गॅरेजमध्ये ज्याला अजून ड्यूको म्हणतात, तोच), भाजलेला इनॅमल फार तर सुरकुततो. हा फरक पुढे कामी येतो: तेलाचा इनॅमल अंधारात पिवळा पडतो, म्हणून डॅशबोर्डखालचा नमुना मूळ रंगापेक्षा जास्त ‘वाळूसारखा’ दिसेल. तो दोन-तीन आठवडे खिडकीजवळ, थेट ऊन न लागता ठेवा आणि मग रंग बघा. लॅकर मात्र उलटा वागतो, उजेडानेच पिवळा होतो. त्याला हा उपाय करू नका.

जुळवणी ट्यूबलाइटखाली करू नका, आणि मोबाइलच्या फोटोवरून तर नकोच. ढगाळ दिवसाच्या उजेडात किंवा डी६५ दिव्याखाली (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित दिवा) मन्सेलच्या पट्ट्यांशी (प्रत्येक छटेला क्रमांक असलेले रंगांचे नमुने) जुळवा. रंग मोजणारं यंत्र वापरत असाल तर सपाट, घाण काढलेल्या जागेवर पाच वेळा मोजून सरासरी घ्या. अहवालात मन्सेल क्रमांक, नमुन्याची जागा आणि थर आधी लिहा. ‘कॉर्डोबा ग्रे’ वगैरे नाव त्यानंतर, तेही त्या काळच्या खऱ्या रंगपट्टीशी जुळलं तरच.