दुधीला फुलं येतात, फळ धरत नाही? उन्हाळी बागेतल्या या चुका टाळा

वेल मांडवभर पसरली, फुलंही भरपूर, पण दुधी एकही नाही. अशा वेळी बहुतेक जण शेणखत नाहीतर युरिया वाढवतात. ते करू नका. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फळ आणखी लांबतं.

आधी फुलं बघा. लांब देठावरचं नुसतं फूल नर. ज्याच्या मागे पेराएवढा लवदार दुधी असतो, ते मादी. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात, ती गळणारच. पण मागचा इवला दुधी पिवळा पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळचे. हाताने परागीभवन करायला सकाळी दहाला ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर वेळ टळलेली असते. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. चार-पाच दिवसांनी तो दुधी फुगलेला दिसतो तेव्हा जो आनंद होतो, तो विकतच्या भाजीत नाही.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. दिवसा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रीही गारवा नसला, की फूल गळतं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिलमध्ये रोप लावणं म्हणजे झाडाचे हाल. तिथे उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी लावा. गच्चीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि कुंड्या विटांवर ठेवा, तापलेल्या स्लॅबवर नको.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुधा एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब अशा पाण्यामुळे. कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. पाणी नेमाने द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. दुपारी पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाणी ओतू नका. मातीत बोट घाला, आत ओल असेल तर पानं संध्याकाळी आपोआप सावरतात.

कोकणात हवाच दमट. तिथे पानांवर पाणी मारलं की केवडा हा पानांवरचा रोग आलाच, म्हणून सकाळी बुंध्याशीच पाणी घाला.

इंग्लंडातल्या आपल्या मंडळींची अडचण उलटी. मार्च-एप्रिलच्या उन्हाला भुलून टोमॅटो बाहेर लावला तर एका रात्रीच्या हिमतुषारात रोप काळं पडतं. मे सरत येईपर्यंत ते खिडकीतच वाढू द्या.