अल्टिमेट फ्रिस्बीचा हंगामभराचा गुणतक्ता: या चुका टाळा

शहरात चार-सहा क्लब अल्टिमेट, म्हणजे उडत्या तबकडीने (डिस्कने) खेळायचा सांघिक खेळ, नियमित खेळायला लागले की कुणीतरी म्हणतंच, "सुट्या स्पर्धा खूप झाल्या, आता वर्षभराचा एक तक्ता करू या." करायलाच हवा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मुंबईत खेळायला आठ महिने मिळतात, आणि तक्ता असला की प्रत्येक मॅचला वजन येतं. मात्र तक्ता नुसते निकाल नोंदवत नाही. पुढच्या रविवारी कोणती टीम पहाटेची लोकल पकडून मैदानावर येणार आणि कोणती घरी बसणार, हेही तोच ठरवतो. म्हणून हौशी क्लबांच्या तक्त्याला माझी एकच कसोटी आहे: हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेला तळाची टीमसुद्धा उत्साहाने यायला हवी. बहुतेक तक्ते इथेच नापास होतात.

दुसऱ्या खेळाचे आकडे जसेच्या तसे उचलणे

सगळ्यात जास्त उचलले जातात ते फॉर्म्युला वनचे: २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. तुमच्याकडे १२ टीम असतील तर शेवटच्या दोघींना शून्य. त्या दोन बहुधा नव्याच टीम असतात, कॉलेजच्या पोरापोरींनी नुकत्याच उभ्या केलेल्या. दोन दिवस उन्हात सहा मॅच खेळून तक्त्यात भोपळा दिसला, तर तिसऱ्या स्पर्धेची प्रवेश फी त्यांनी का भरावी?

वरच्या टोकालाही गडबड आहे. फायनल १५-१४ अशी एका गोलने हरलेली टीम पहिलीपेक्षा ७ गुणांनी मागे पडते. सातव्या आणि दहाव्या स्थानात मिळून फरक फक्त ५. एका डिस्कवर एवढा भार टाकू नका. १२ टीमसाठी २०, १७, १५, १३, ११, १० आणि तिथून एकेक कमी करत बाराव्याला ४, अशी उतरण पुरेशी आहे. जिंकण्याचं मोल राहतं आणि आलेली कुठलीच टीम रिकाम्या हाताने जात नाही.

कबड्डीतलं एक तत्त्व मात्र जरूर घ्या. प्रो कबड्डीत बरीच वर्षं विजयाला ५ गुण होते आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्याला १. साखळी सामन्यांत असा एक गुण ठेवला की १३-६ ने मागे असलेली टीमही शेवटपर्यंत धावते.

सगळ्या स्पर्धांची सरळ बेरीज

लक्षण सोपं आहे: एकही स्पर्धा न जिंकलेला क्लब तक्त्यात वर दिसतो. फॉर्म्युला वनच्या वरच्याच आकड्यांनी बघा. एका टीमने तीन स्पर्धा खेळून दोन जिंकल्या, एकीत दुसरी आली: ६८ गुण. दुसरी सहाही स्पर्धांत चौथी आली: ७२. दुसऱ्या टीमचं सातत्य खरं आहे, पण वर्षातली सर्वोत्तम टीम ती, असं कुणीच म्हणणार नाही. शिवाय परीक्षा, ऑफिसचा मार्च एंड, घरचं लग्न यांतून हौशी खेळाडू सुटत नाही.

उपाय: सहापैकी सर्वोत्तम चार निकाल धरा. मग ६८ विरुद्ध ४८ होतात. हा नियम पहिल्या स्पर्धेआधी सगळ्यांना पाठ असायला हवा, कारण त्याने निकाल उलटतो. १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये १६ पैकी सर्वोत्तम ११ शर्यती धरायचे. एकूण बेरजेत ड्रायव्हर ॲलन प्रॉस्टचे १०५ आणि आयर्टन सेनाचे ९४ होते. धरलेल्या गुणांत सेना ९० आणि प्रॉस्ट ८७. विश्वविजेता सेना झाला. सहापैकी तीनच धरलेत, तर उलटा त्रास: दोन-तीन स्पर्धा जिंकलेली टीम पुढच्या स्पर्धांना यायचीच नाही.

लहान-मोठ्या स्पर्धेला एकच माप

सहा टीमच्या स्पर्धेत शेवटचा आलेला आणि बारांत सहावा आलेला, दोघांना १० गुण मिळत असतील तर क्लब लहान स्पर्धा शोधत फिरतील. १२ किंवा अधिक टीम असतील तर पूर्ण गुण, ८ ते ११ असतील तर ८५ टक्के, त्याखाली ७० टक्के. यापेक्षा बारीक सूत्रात शिरू नका. टीम मोजायच्या त्या प्रत्यक्ष खेळलेल्या, नाव नोंदवलेल्या नाहीत. आणि हॅट स्पर्धेत खेळाडू चिठ्ठ्या टाकून वाटले जातात, तिचे गुण क्लबच्या खात्यावर चढवण्यात अर्थ नाही.

गोलफरकाला मोकळं सोडणे

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. समजा एका गटात वरळी, ठाणे, बोरिवली अशा तीन टीम आणि चौथी एक अगदी नवी टीम आहे. वरळीने ठाण्याला १५-१३ हरवलं, ठाण्याने बोरिवलीला १५-९, बोरिवलीने वरळीला १५-१२. नव्या टीमला तिघांनीही हरवलं: वरळीने १५-८, ठाण्याने १५-११, बोरिवलीने १५-२. तिघांचे विजय दोन-दोन.

सगळ्या मॅचचा गोलफरक घेतला तर बोरिवली अधिक १०, ठाणे अधिक ८, वरळी अधिक ६. म्हणजे बोरिवली पहिली. आता फक्त या तिघांच्या आपसातल्या मॅच धरा: ठाणे अधिक ४, वरळी उणे १, बोरिवली उणे ३. पहिली टीम थेट शेवटची झाली. ठाण्याने नवख्यांविरुद्ध आपल्या नवख्यांना खेळवलं, बोरिवलीने सगळे मुख्य खेळाडू उतरवले, एवढ्यावर गटाचा निकाल फिरला. ठाण्याचं वागणं खेळ वाढवणारं होतं, आणि शिक्षा मात्र त्यांनाच झाली.

म्हणून क्रम असा लिहून ठेवा: आधी बरोबरीतल्या टीमच्या आपसातल्या मॅचमधले विजय, मग त्याच मॅचचा गोलफरक, आणि त्यानंतरच सगळ्या मॅचचा. त्या शेवटच्या पायरीवरही मर्यादा घाला. अमेरिकेतल्या अल्टिमेट क्रमवारीच्या सूत्रात एका गोलच्या विजयाला १२५ आणि जास्तीत जास्त ६०० असे रेटिंग गुण आहेत, आणि १५-७ ला जितके मिळतात तितकेच १५-१ ला. आपल्याला एवढं गणित नको. एका मॅचचा फरक ८ च्या पुढे मोजायचा नाही, बस. मैदानाची वेळ संपली म्हणून ९-७ वर थांबलेल्या मॅच असतील, तर वेगवेगळ्या गटांतल्या टीमची गोलफरकाने तुलना करूच नका.

गुण कुणाचे, हे न ठरवणे

जानेवारीत क्लब फुटतो. अर्धे लोक नवं नाव घेऊन उतरतात. जुन्या नावाचे ४५ गुण कुणाचे? किंवा एखादा क्लब पुण्या-बंगळुरूहून चार ओळखीचे तगडे खेळाडू आणून एक स्पर्धा मारून नेतो. तक्त्यात नाव क्लबचं, खेळ पाहुण्यांचा.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक क्लबची यादी घ्या. प्रत्येक स्पर्धेतल्या संघात त्या यादीतले किमान निम्मे असले तरच गुण. क्लब फुटला तर यादीतले जास्त जण जिकडे, तिकडे गुण. एका खेळाडूने गुणांच्या स्पर्धा एकाच क्लबकडून खेळायच्या, आणि बदल हवा असेल तर हंगामात एकदाच.

पाहुण्यांची मर्यादा स्त्री आणि पुरुष खेळाडूंसाठी मात्र वेगळी ठेवा. मिक्स्डमध्ये, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र खेळतात तिथे, सात जणांत ४-३ चं प्रमाण पाळायचं असतं. एखाद्या टीमच्या दोघी मुली आजारी पडल्या तर शेजारच्या क्लबमधून दोघी मागून मॅच खेळवणं हेच योग्य. त्यासाठी त्या टीमचे किंवा त्या मुलींचे गुण कापणारा तक्ता कुणाच्याच भल्याचा नाही.

स्पिरिटचे (खिलाडूवृत्तीचे) गुण तक्त्यात मिसळणे

हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. या खेळात रेफरी नाही, फाउल खेळाडूच पुकारतात आणि खेळाडूच सोडवतात. मॅचनंतर प्रतिस्पर्ध्याला पाच बाबींवर ० ते ४ गुण द्यायचे: नियमांचं ज्ञान व वापर, फाउल व शारीरिक संपर्क, न्याय्य वृत्ती, सकारात्मकता व संयम, आणि संवाद. प्रत्येकी २ म्हणजे नेहमीची चांगली मॅच, एकूण १०. हे गुण क्रमवारीत मिसळले की फॉर्म भरणारा कप्तान प्रतिस्पर्ध्याचं स्थानही ठरवायला लागतो. मग कुणी हात आखडतो, कुणी परतफेडीच्या आशेने १६ देतो, आणि प्रामाणिक १० मिळालेल्या टीमला अपमान वाटतो.

स्पिरिटचा तक्ता वेगळा ठेवा, तितक्याच मोठ्या अक्षरांत, आणि त्याची सरासरी काढा. बेरीज नको. एखाद्या टीमची सरासरी सलग दोन स्पर्धांत ८ च्या खाली गेली तर दोन्ही बाजूंच्या स्पिरिट कॅप्टनना (टीमच्या खिलाडूवृत्तीची जबाबदारी असलेल्या खेळाडूंना) बसवून बोला. फॉर्म त्याच संध्याकाळी घ्या. बुधवारी आठवून भरलेल्या फॉर्ममध्ये मॅच कमी आणि राग जास्त असतो.

भरती, पाऊस आणि वॉकओव्हर

जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर खेळवत असाल तर तारीख ठरवण्याआधी भरतीची वेळ बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत मोठी भरती भर दुपारी येते आणि मैदानच आक्रसतं. भरतीने किंवा पावसाने मॅच अर्धवट थांबली आणि हाफटाइम होऊन गेला असेल तर आघाडीवरच्या टीमचा विजय, नसेल तर गुण निम्मे-निम्मे. न आलेल्या टीमविरुद्ध विजयाचे गुण द्या, गोलफरक देऊ नका.

चूक मध्येच सापडली तर

बेरीज चुकली असेल तर लगेच दुरुस्त करा आणि काय बदललं ते सगळ्या कप्तानांना कळवा. नियमच चुकीचा वाटला तर तो याच हंगामात बदलायचा नाही, पुढच्या हंगामासाठी लिहून ठेवायचा. अपवाद एकच: सगळे कप्तान, म्हणजे ज्याचं नुकसान होतंय तोही, लेखी हो म्हणाले तर. शीट दोघांच्या ताब्यात असू द्या, स्पर्धा संपल्यावर दोन दिवसांत ती सगळ्यांना दिसू द्या, आणि हरकतीसाठी त्यापुढे तीन दिवस द्या. नवे नियम लागू करण्याआधी गेल्या वर्षीचे निकाल त्यांत घालून बघा. विचित्र जागी बसलेली टीम तिथेच दिसते, आणि तेव्हा कुणाचेच गुण पणाला लागलेले नसतात.