सोळाव्या वर्षीचा आवाज, अर्धा स्वर खाली

१९९८ साली सोलापूरच्या साखर पेठेतल्या माळ्यावर टेपरेकॉर्डर ठेवून मी स्वतःची अकरा गाणी रेकॉर्ड केली होती. यंदा ती पुन्हा काढायची ठरवली. कॅसेट लावली, तर आवाज नुसता बुडबुडा! टेपला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडून टेप तिच्यात बसवली, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. तरी 'स', 'श' बोथटच. हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवला आणि एकदम शब्द उमटले.

खरी डोकेदुखी वेगळीच. माझा आवाज चिरका! आधी वाटलं, पोरवयच ते. पण मागे वाजणारी पेटी आमच्या घरात अजून आहे. तिच्यावर मी काळी एक या पट्टीत गायचो, कॅसेटवर ऐकू येत होती तिच्या लगतची वरची पट्टी, पांढरी दोन. म्हणजे रेकॉर्ड करताना सेल उतरलेले, मोटर मंद. आता नेमक्या वेगाने वाजवल्यावर सगळं अर्धा स्वर वर. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त पट्टी नाही, वेगच सुमारे ५.६ टक्के कमी केला. गळा जागेवर आला, तालही.

मागची यंत्रमागांची खडखड काढायला गेलो, तर व्यंजनंच खाल्ली गेली. मग ठेवली तशीच. आमच्या भागात तेव्हा शांतता होती कुठे? शब्द मात्र एकही बदलला नाही, 'चांदणं-नांदणं' यमकाची लाज वाटते तरी.