साथीचं गणिती मॉडेल करताय? या चुका टाळा

साथ कशी पसरते याचं गणित मांडणारं एसआयआर मॉडेल कोविडनंतर कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत पोचलं. लोकसंख्येचे तीन कप्पे करायचे: लागण होऊ शकेल असे, सध्या रोग पसरवणारे, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. एक्सेलच्या तीन रकान्यांत काम भागतं आणि आलेखावर छान टेकडी उमटते. अडचण अशी, की चुकीचे आकडे घातले तरी बहुतेक वेळा टेकडीच उमटते.

आलेख जुळला, म्हणजे मॉडेल बरोबर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली ज्या निबंधात हे मॉडेल मांडलं, त्यात पडताळ्यासाठी मुंबई बेटावरच्या प्लेगची आकडेवारी घेतली होती: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. वक्र आकड्यांवर इतका बेमालूम बसला की तो आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापतात.

आता त्या वक्राखालची बेरीज करा. सुमारे ९ हजार मृत्यू येतात. प्लेग झालेली बहुतेक माणसं तेव्हा दगावत, म्हणजे रुग्णही याहून फार जास्त नसणार. शहराची वस्ती जवळपास दहा लाख. म्हणजे लागण झाली ती जेमतेम एक टक्का लोकांना. मग लागण होण्याजोगी माणसं संपत आली म्हणून साथ ओसरली, असं कसं म्हणायचं? तो प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा होता. हिवाळा सरताना वाढायचा, उन्हाळा तापला की उतरायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर. मॉडेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची छाया आहे, असं धरून चाललो आहोत आणि हे समीकरण फार ढोबळ आहे, हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. आलेख सगळ्यांनी उचलला, ते वाक्य तिथेच राहिलं.

म्हणून आलेख जुळला की लगेच विचारा: हा वक्र खाली येतोय तो माझ्या मॉडेलमध्ये ज्या कारणाने येतो, त्याच कारणाने प्रत्यक्षातही येतोय का? कारण चुकलं तर उपायही चुकणार. प्लेगमध्ये माणसांचे कप्पे मोजत बसलात, तर उंदीर मोकळेच राहतील.

सुरुवातीच्या आकड्यांवरून आर-नॉट काढणं

साथीच्या पहिल्या आठवड्यांत आकड्यांवरून फक्त वाढीचा वेग कळतो. समजा एका रुग्णाकडून रोज सरासरी ०.४ जणांना लागण होते आणि रुग्ण ५ दिवस रोग पसरवतो. आर-नॉट, म्हणजे सुरुवातीला एका रुग्णाकडून एकूण सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा, झाला २. आता रोज ०.३ जण आणि १० दिवस असं धरा. आर-नॉट ३. दोन्हीकडे वाढीचा दर एकच, रोज ०.२. सुरुवातीचे दोन्ही वक्र एकमेकांवर पडतात. पण समूह प्रतिकारशक्तीचा उंबरठा, म्हणजे किती लोकांना प्रतिकारशक्ती आली की साथ उतरायला लागते तो आकडा, पहिल्यात ५० टक्के आणि दुसऱ्यात ६७ टक्के येतो. एवढ्या फरकाने लशींचं सगळं नियोजन बदलतं. रुग्ण किती दिवस रोग पसरवतो, हे वैद्यकीय निरीक्षणातून आणायचं असतं. वक्र जुळवून ते मिळत नाही.

उंबरठ्याबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. ५० टक्क्यांना लागण झाली की साथ थांबते, असं नाही. तिथून ती उतरायला लागते. आर-नॉट २ असेल आणि कोणी काहीच केलं नाही, तर हेच साधं मॉडेल शेवटी सुमारे ८० टक्के लोकांना गाठतं.

तारखांचा घोळ

रुग्णाची नोंद लागण झाल्यानंतर आठवड्याने होते असं धरा. वरच्या उदाहरणात रुग्ण साडेतीन दिवसांत दुप्पट होतात, म्हणजे आठवड्यात चौपट. आज हातात आलेला आकडा आजच्या लागणीच्या पावपट आहे! उलट, काल निर्बंध लावले तरी पुढचे सात दिवस आकडे चढतच राहतात आणि 'काही फरक पडला नाही' म्हणत लोक मोकळे होतात. जमेल तिथे लक्षणं सुरू झाल्याची तारीख घ्या. रविवारी नोंदी कमी होतात, तेव्हा सात दिवसांची सरासरी घ्या. चाचण्या दुप्पट झाल्या की रुग्णही वाढलेले दिसतात, म्हणून दवाखान्यात भरती झालेल्यांचा आकडा शेजारी ठेवा.

सगळं शहर एकाच कप्प्यात

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत लोकांच्या रक्तातली कोविडची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत ती सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. वॉर्ड तेच, हवा तीच. सामायिक संडास आणि एका खोलीत सहा-सात माणसं असली की गणित वेगळं होतं. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ती दोन्हीकडे खोटी ठरते. निदान दोन गट करा आणि त्यांच्यात ये-जा किती, ते धरा.

मॉडेल बिघडलं तर आधी हे बघा

बाधितांचा आकडा पहिल्याच दिवशी लोकसंख्येबाहेर गेला? मग बहुधा नव्या लागणी काढताना एकूण लोकसंख्येने भागायचं राहिलं. दहा हजारांच्या गावात १० बाधित असतील आणि प्रत्येकाकडून रोज ०.४ जणांना लागण होत असेल, तर पहिल्या दिवशी नवे साधारण ४ यायला हवेत. भागायचं विसरलात तर ३९,९६० येतात. तिन्ही कप्प्यांची बेरीज दर ओळीला तीच राहायला हवी, त्यासाठी चौथा रकाना ठेवाच. आकडे आठवड्याचे आणि लागणीचा दर मात्र रोजचा, अशी सरमिसळही फार दिसते.

'असंच चालू राहिलं तर' हे विसरणं

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने इबोलाचा अंदाज दिला: लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये २० जानेवारी २०१५ पर्यंत, न नोंदलेले धरून, १४ लाख रुग्ण. प्रत्यक्षात गिनीसह तिन्ही देशांत साथ संपेपर्यंत सुमारे २८,६०० नोंदले गेले. मॉडेलवाल्यांची टर उडवायला हे उदाहरण हमखास निघतं. पण तो अंदाज काहीच वेगळं केलं नाही तर काय होईल, याचा होता. मदत पोचली, दफनाच्या पद्धती बदलल्या, लोक सावध झाले. मला विचाराल तर अंदाजात दोष होताच, पण १४ लाख आणि २८ हजार शेजारी ठेवून तो दाखवता येत नाही.

तुमच्या आलेखाच्या मथळ्यातच अट लिहा: 'निर्बंध नसतील तर', आणि आकडे कुठल्या तारखेपर्यंतचे तेही. तळटीपेत टाकू नका. बैठक संपायच्या आत आलेखाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तळटीप कापून.