दुसऱ्या लेन्सच्या आधी: पुण्यातल्या हौशी फोटोग्राफरला लागणारी साधनं

कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळणारी किट लेन्स घरात आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता कुठली लेन्स घ्यायची? आमचं म्हणणं आहे, जरा थांबा. पुण्याच्या पावसाळ्यात आहे त्या लेन्सला बुरशी लागते, स्वस्तातलं मेमरी कार्ड ऐन पालखीच्या दिवशी दगा देतं आणि स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट उतरतो. या तिन्हींवरचे उपाय लेन्सच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होतात, काही तर फुकटात. आधी ते करा. लेन्स भाड्यानेही मिळते.

ओल आणि बुरशी

बुरशीला ओल आणि कोंदट अंधार लागतो. कॅमेऱ्याच्या बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर बॅग कपाटात बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. आतली हवा कोरडी ठेवणारं इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घेतलंत तर उत्तम, पण एक बॉडी आणि दोन लेन्सपुरतं काम साध्या डब्यात भागतं.

झाकणाला रबरी रिंग आणि चारही बाजूंना खटके असलेला, साधारण १० लिटरचा पारदर्शक डबा घ्या. झाकण लावताना कडेला कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. ती सहज निसटली तर तिथून हवा आत जाते, तो डबा धान्याला ठेवा. आत पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, मलमलच्या दोन पुरचुंड्यांत बांधून ठेवा, म्हणजे तिची पूड लेन्सवर बसणार नाही. जेल नारिंगी रंगाची मागा. निळ्या जेलच्या रंगात बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. तांदूळ किंवा डांबराच्या गोळ्या या कामाच्या नाहीत.

सोबत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, लागतो. स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ भरून त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. ते बूच आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. अशा बंद जागेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचा आकडा ७० दाखवत असेल, तर यापुढे प्रत्येक वेळी त्यात ५ मिळवा.

डब्यात आर्द्रता ४० ते ४५ टक्के हवी. ६० च्या वर गेली की बुरशीचा धोका सुरू होतो. ३० च्या खाली फार दिवस राहिली तर लेन्समधलं ग्रीस आणि कॅमेऱ्याचं रबर सुकतं, तेव्हा एक पुरचुंडी काढून घ्या. दाणे हिरवे पडले की जेल भरली असं समजा. मग ती ओटीजीत, ट्रेमध्ये एकच थर पसरून, १०० ते ११० अंशांवर दोनेक तास तापवा. १२० च्या वर गेलात तर रंग जळतो. जेल ओल शोषत राहते, पण ती भरली कधी हे कळेनासं होतं. तापलेली जेल उघड्यावर गार करू नका, कारण गार होतानाच ती हवेतली ओल ओढून घेते. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ती गार होऊ द्या.

महिन्यातून एकदा लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या. सुरुवातीला ती साफ होते. पुढे बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि मग ते परत येत नाही.

पावसाळ्यात सिंहगडावर जाताना आणखी एक घोळ होतो. एसी गाडीतून धुक्यात उतरलं की लेन्सवर वाफ धरते, कारण काच बाहेरच्या हवेपेक्षा गार असते. घाट सुरू होण्याआधीच एसी बंद करून काचा खाली करा. एसी चालूच ठेवायचा असेल, तर कॅमेरा झिप पिशवीत ठेवून बाहेर काढा आणि वीसेक मिनिटं पिशवी उघडू नका.

कार्ड

कार्डावर ‘व्ही ३०’ लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहू शकतं. रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मोठी मूळ फाइल) आणि साध्या ४के व्हिडिओला तेवढं सहसा पुरतं. पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा वाचण्याचा वेग असतो, त्याला भुलू नका.

खरी भानगड नकली कार्डांची आहे. कार्ड कॅमेऱ्याला १२८ जीबी सांगतं आणि आत जागा असते १६ ची. ती भरली की पुढचे फोटो खराब होतात किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात, आणि कॅमेरा चकार शब्द काढत नाही. म्हणून नवं कार्ड, मग ते तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेलं असो की ऑनलाइन मागवलेलं, आधी तपासा. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’, लिनक्स आणि मॅकवर ‘एफथ्री’ हे फुकट प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. मोठ्या कार्डाला तास-दीड तास सहज लागतो. एकही चूक निघाली तर कार्ड परत करा.

चुकून फोटो डिलीट झाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. डिलीट केल्यावर फक्त नोंद पुसली जाते, फोटोचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम तो शोधून काढतो. सापडलेले फोटो मात्र त्याच कार्डावर न ठेवता लॅपटॉपवर उतरवा.

कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, आणि फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर गेल्यानंतरच. तिसरी प्रत घराबाहेर ठेवा, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर.

फोटोवरचं काम

रॉ फाइलसाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आणि भक्कम आहेत. एकच निवडा आणि सहा महिने त्याच्यावरच हात बसवा. नवा कॅमेरा असेल तर प्रोग्रॅमची सर्वांत ताजी आवृत्ती घ्या, नाहीतर फाइल उघडतच नाही. डार्कटेबल मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल तो शेजारी एका छोट्या ‘एक्सएमपी’ फाइलमध्ये ठेवतो. बॅकअप घेताना ती फाइल राहून गेली तर फोटो वाचतो, पण त्यावरची मेहनत जाऊ शकते. फोल्डर हलवायचं असेल तर तेही प्रोग्रॅममधूनच हलवा. फोनवर ‘स्नॅपसीड’ पुरेसं आहे.

उजेड आधी घरी बघा

‘सनकॅल्क’ ही मोफत वेबसाइट नकाशावर सूर्याची दिशा काढून देते. जागेवर पिन टेकवा, तारीख घाला आणि मावळतीची रेघ कुठे जाते ते पाहा. दिशेचे अंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात, पश्चिम म्हणजे २७०. पुण्यात मावळतीचा सूर्य डिसेंबरात साधारण २४५ अंशांवर असतो आणि जूनमध्ये २९५ अंशांवर. पर्वतीवरून सिंहगड येतो २१५ अंशांच्या आसपास. म्हणजे पर्वतीवर उभं राहून सिंहगडामागे बुडणारा सूर्य वर्षातल्या कुठल्याच दिवशी मिळणार नाही. हे टेकडी चढण्याआधी कळलेलं बरं. चंद्रासाठी आणि ताऱ्यांसाठी ‘स्टेलॅरियम’ वापरा.

मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर असतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. अप्पा बळवंत चौकातून पांढरा फोमबोर्ड आणा, माणसाला सावलीत उभं करा आणि बोर्ड छातीच्या उंचीवर, उन्हाच्या कडेला तिरका धरा. एवढ्याने चेहरा उजळतो.

भाड्याची लेन्स

उजनीच्या जलाशयाकाठी भिगवणला नावेतून टिपायच्या पक्ष्यांसाठी लांब लेन्स हिवाळ्यातल्या चार शनिवार-रविवारीच लागते, ती भाड्याने घ्या. दुकानातच टॉर्चने बुरशी बघा, ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा आणि जवळ-दूर फोकस करून पाहा. नावेत ट्रायपॉड नको. नाव हलते, तसा तोही हलतो. लेन्स हातात धरा आणि शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

प्रिंट

प्रिंट काळी येते ती बहुतेक वेळा स्क्रीन फार उजळ ठेवल्यामुळे. खोलीतल्या उजेडात कोरा कागद स्क्रीनवरच्या पांढऱ्या पानाशेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग फोटोवर काम करा. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोची १८ बाय १२ इंची प्रिंट निर्धास्त काढा. फोनचा फोटो ४:३ मापाचा असतो आणि १२ बाय ८ कागदाचं प्रमाण ३:२. क्रॉप स्वतः केला नाहीत तर लॅब करते आणि कुणाचं तरी डोकं कापलं जातं. फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतली जेपेग द्या, ‘कलर करेक्शन करू नका’ असं बजावून सांगा आणि मोठ्या प्रिंटच्या आधी त्याच लॅबमधून, त्याच प्रकारच्या कागदावर ६ बाय ४ ची एक प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा.