अमेरिकेत वाचायचे काय आणि मिळवायचे कोठून: न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी वाचकांसाठी

घर भाड्याने मिळाले, वीज आणि इंटरनेट सुरू झाले, बँकेचे खाते उघडले की लगेच गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन कार्ड काढून घ्यावे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा विजेचे बिल दाखवले, तर बहुतेक ठिकाणी कार्ड जागेवरच हातात पडते आणि त्यासाठी रहिवाशांकडून पैसे घेतले जात नाहीत. हे ग्रंथालय गावातील मालमत्ता करावर चालते आणि तो कर तुमच्या घरभाड्यातूनही वसूल होतच असतो, त्यामुळे फुकट काही घेत असल्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

नव्याने येणारी मंडळी पहिल्या काही महिन्यांतच तीन-चार मासिकांची वर्गणी भरून मोकळी होतात आणि वर्षअखेरीस न उघडलेल्या अंकांची चळत रद्दीत टाकतात. त्याऐवजी ग्रंथालयाच्या नियतकालिकांच्या कपाटापासून सुरुवात करावी. चालू अंक सहसा तेथेच बसून वाचावा लागतो, परंतु मागचे अंक घरी नेता येतात. एखादे मासिक आपल्यासाठी आहे की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे: त्याचा चालू अंक बाजूला ठेवून वर्षभरापूर्वीचा अंक उघडावा आणि त्यात आजही वाचण्याजोगे काय उरले आहे ते पाहावे. १९२५ पासून निघणारे ‘द न्यू यॉर्कर’ किंवा १८५० पासूनचे ‘हार्पर्स’ यांच्या जुन्या अंकांतील दीर्घ लेख या कसोटीला बहुधा उतरतात. विमानतळावर दिसणाऱ्या झगमगीत मासिकांपैकी बरीचशी उतरत नाहीत. ‘लिबी’ या अॅपमध्ये ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक घातला की ग्रंथालयाने घेतलेली नियतकालिके फोनवर वाचता येतात, आणि गाजलेल्या ई-पुस्तकांसाठी आठवडेच्या आठवडे रांगेत थांबावे लागते तसे नियतकालिकांसाठी थांबावे लागत नाही.

नवागतांनी पहिल्या वर्षी वस्तूंच्या चाचण्या घेऊन ग्राहकांना सल्ला देणारे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक अवश्य पाहावे. ते जाहिराती घेत नाही आणि त्याचा एप्रिलचा अंक मोटारगाड्यांना वाहिलेला असतो. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला तो अंक मित्रांच्या दहा सल्ल्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. स्थानिक बातम्यांचे मात्र अवघड झाले आहे. न्यू जर्सीचे मोठे दैनिक ‘स्टार-लेजर’ फेब्रुवारी २०२५ पासून छापील स्वरूपात निघत नाही, त्यामुळे शाळा मंडळाची निवडणूक किंवा गावच्या कराची वाढ यांविषयी कळावे यासाठी गावात एखादे साप्ताहिक तग धरून असेल तर तेवढ्याची वर्गणी मी जरूर भरायला सांगेन.

वर्गणी भरण्याची वेळ आलीच, तर पहिल्या वर्षाच्या स्वस्त दरावर भुलू नये. मुदत संपताच पूर्ण दराने आपोआप नूतनीकरण होईल असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अंकावर चिकटवलेल्या पत्त्याच्या लेबलावर वर्गणी संपण्याचा महिना आणि वर्ष बऱ्याचदा छापलेले असते, ते पाहून ठेवावे. कारण ‘शेवटची सूचना’ असे लाल अक्षरांत लिहिलेली पत्रे मुदतीच्या कितीतरी आधीपासून येऊ लागतात आणि त्यांतील काही तर मासिकाशी संबंध नसलेल्या दलालांनी पाठवलेली असतात.

आता मराठीकडे वळू. जुने मराठी पुस्तक हवे असेल, तर भारतातून कुरिअरने मागवण्याआधी आंतरग्रंथालय सेवेचा, म्हणजे आपल्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातील पुस्तक वाचायला मागवण्याचा विचार करावा. आपल्याकडे ज्या पीएल-४८० या अमेरिकी कायद्याची आठवण लाल गव्हामुळे राहिली, त्याच कायद्याने धान्याच्या किमतीपोटी भारतात साठलेल्या अमेरिकेच्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके खरेदी करून येथील विद्यापीठांना पाठवली गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयामार्फत ही खरेदी आजही चालू आहे, फक्त आता ग्रंथालये स्वतःचे पैसे भरतात. त्यामुळे शिकागो विद्यापीठात किंवा आपल्या शेजारच्या फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशी मराठी पुस्तके आहेत जी महाराष्ट्रातील जिल्हा ग्रंथालयातही सापडणे कठीण. गावच्या ग्रंथपालांकडे अर्ज दिला की पुस्तक काही आठवड्यांत येते. नियतकालिकांचे बांधीव खंड सहसा पाठवत नाहीत, पण हव्या त्या लेखाची प्रत मिळू शकते. शोध घेताना एक अडचण येते. ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) मराठी नावे रोमन लिपीत ठरावीक पद्धतीने नोंदलेली असतात, त्यात ‘श’साठी नुसता एस (s) असतो आणि ‘प्रकाशन’सारख्या शब्दाच्या शेवटी एक जादा ए (a) लावलेला असतो. हे ठाऊक नसेल, तर समोर असलेले पुस्तकही तालिकेत सापडत नाही.

दिवाळी अंकांच्या बाबतीत एकट्याने खर्च करू नये, कारण अंकाच्या किमतीपेक्षा तो येथे आणण्याचा खर्च जास्त होतो. चार-पाच कुटुंबांनी मिळून, एकही अंक दोनदा येणार नाही अशी यादी करून मागवावे आणि महिन्याला एक याप्रमाणे फिरवावे. यादीत ‘मौज’ असावा, ‘अक्षर’ असावा आणि एखादा अंक निव्वळ विनोदासाठीही असावा. राशिभविष्याने अर्धा भरलेला अंक कोणाच्या आजींनी मागितला तर तोही आनंदाने घ्यावा. नवीन पुस्तकांची माहिती हवी असेल, तर १९६४ पासून ग्रंथव्यवहाराला वाहिलेले ‘ललित’ मासिक आहेच. मोठा गट जमला, तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची चौकशी करावी. त्यातून पुस्तकांच्या पेट्या परदेशांतील मराठी वाचकांपर्यंतही गेल्या आहेत.

खर्च न करता वाचण्यासारखेही पुष्कळ आहे. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’चे जुने अंकही तसेच खुले आहेत. मुलांना मराठी वाचायला लावायचे असेल, तर नव्या अंकांआधी सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अंक दाखवावेत. त्यांतील गोष्टी लहान असतात, चित्रे भरपूर असतात, आणि न कळलेला शब्द मुले आजी-आजोबांना फोनवर विचारू शकतात, ज्याची भारतातील त्या टोकाला वाटच पाहिली जात असते.